पाण्यात सोडलेले पाय
स्वस्तातल्या लाल साबणाचा वास आला, की साक्रीजवळचं ते चर्चचं उन्हाळी शिबिर आठवतं. आमच्या घरचं कोणी चर्चला जात नसे. मी शेजारच्या मैत्रिणीच्या हट्टापायी गेले होते. शेवटच्या दुपारी तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली आम्हां मुलींना बाकांवर बसवलं आणि शिबिराचे म्हातारे पाळक पाण्याचं घमेलं घेऊन एकेकीचे पाय धुऊ लागले. येशूनं शिष्यांचे धुतले होते, म्हणून. माझी पाळी आली. मोठं माणूस समोर आलं की पाया पडायचं, एवढंच मला ठाऊक. मी झटकन वाकले आणि खाली बसलेल्या त्या आबांच्या डोक्यावर माझं डोकं आपटलं. सगळ्या खिदळल्या. मी पाय ओढून घेत म्हटलं, "नको आबा, माले पाप लागी." उन्हाळाभर हंडे वाहून टाचांना भेगा पडल्या होत्या. कपाळ चोळत त्यांनी त्या भेगांवरून हळूच साबण फिरवला. "पाय थकेल शेतस पोरी," ते म्हणाले, "जराखा पानीमा ऱ्हाऊ दे." तोवर माझे पाय थकलेत असं कोणी म्हटलं नव्हतं, की थकलीस का, असं विचारलंही नव्हतं. आता धुळ्यात दिवसभर पेशंटांचं करून घरी येते, बादलीत पाय सोडते आणि ते वाक्य स्वतःशीच म्हणते, अहिराणीतच. शुद्ध मराठीत म्हटलं, तर पाय ऐकत नाहीत.