सेवेला गेले आणि एकीच्या पोटावर पाय दिला

परदेशात एकटीने जाऊन सेवा करायची, ही कल्पना माझी नव्हे. फणसवाडीतल्या माझ्या भाचीची. "मावशी, पंधरा दिवस कंबोडियाला जा. खेड्यातल्या शाळेत मदत करायची, राहणं-खाणं त्यांचं. जन्मभर लोकांना जेवू घातलंस, आता जरा जग बघ." राहणं-खाणं त्यांचं म्हणे! पैसे आधी आपणच भरायचे. काम आपण करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे करी रोडच्या आमच्या चाळीत मी कुणाला समजावणार? शेजारीण तर म्हणाली, "अगो, भांडीच घासूची आसत तर माझ्याकडे ये. मी फुकट घासूक देतंय."

मी हसले आणि गेले.

तिथे आम्ही आठ जण. बाकीचे सात माझ्या भाचीहून लहान, गोरे, धष्टपुष्ट, प्रत्येकाच्या पाठीवर कपाटाएवढी बॅग. त्यांना शाळेची भिंत रंगवायची होती. भिंत चांगली रंगवलेली होती हो! आधीच्या तुकडीने तिच्यावर मासे काढले होते. यांनी माशांवर पांढरा हात मारला आणि हत्ती काढले. पुढचे येऊन हत्तींवर फुलं काढणार, दुसरं काय? शाळेच्या संडासाला मात्र दार नव्हतं. पण संडासाला दार बसवून त्यासमोर फोटो चांगला येत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना.

शिकवण्याचंही तेच. दर पंधरा दिवसांनी नवीन बाई आणि पुन्हा पहिल्यापासून एबीसीडी. पोरं बिचारी दर वेळी नव्याने अचंबा दाखवायची. एक दोन वेण्यांची मुलगी होती. समोर फोन वर झाला की हसायची, फोन खाली गेला की चेहरा पुन्हा होता तसा. दुकानाचं शटर वर-खाली करावं तसं. आणि त्या फोनवाल्या पोरी डोळे पुसत एकमेकींना सांगायच्या, इथली मुलं किती आनंदी!

दुसऱ्यांना किती नावं ठेवू? सगळ्यांत मोठी घाण मी करून ठेवली.

माझी खानावळ होती, तीस वर्षं. आधी गिरणीवाले जेवायचे, मग टॉवरच्या साइटवरचे. त्यामुळे पहाटे जाग आली की पाय चुलीकडे वळतात. पहिल्याच दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. तिथली स्वयंपाकीण चाळिशीची, काटकुळी. एकटी साठ मुलांचं रांधायची. सुक्या मासळीचा वास आला आणि मला आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. तिच्या हातातली सुरी मी घेतली, गवती चहाची पात चिरायला लागले. ती हसली. दुसऱ्या दिवशी मी डावही घेतला. तिसऱ्या दिवशी भात, कालवण, सगळं माझंच, आणि तिच्या आधी तासभर तयार. आमची देखरेख करणारी मुलगी कुठल्याशा थंड देशातली. ती टाळ्या वाजवायला लागली. "ममा, तुम्ही कमाल आहात!" मी फुगले. खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी स्वयंपाकीण आलीच नाही.

"आजारी आहे का?" मी माझ्या अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत विचारलं.

"नाही, नाही! तिला नको सांगितलं. तुम्ही आहात ना? तिच्या पगारातून रंगाचे डबे येतील."

शाळेमागेच तिचं खोपट. दोन पोरं शाळेत होती. उरलेला भात ती घरी न्यायची, तोही आता बंद. उंबऱ्यावर बसून ती आमच्या धुराकडे बघत होती. मी हात हलवला. तिने मान फिरवली.

गिरणीच्या संपात माझा नवरा घरी बसला, तेव्हा त्याचा साचा, म्हणजे कापडाचा माग, दुसऱ्या एका माणसाने चालवला होता. आमच्याच चाळीतला. त्याला कुणी पाणी विचारत नव्हतं. नळावर त्याच्या बायकोची बादली मी स्वतः उचलून रांगेबाहेर ठेवली होती, आणि ती रडली तरी मला काही वाटलं नव्हतं. आणि आता, या वयात, विमानात बसून, पदरचे पैसे भरून, मी तेच करायला इथवर आले होते. त्याला निदान घरची चार तोंडं भरायची होती. मला काय झालं होतं?

पाचव्या दिवशी चूल पेटवली नाही. स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसले.

"ममा, बरं नाही का?"

"ठणठणीत आहे. तिला बोलव."

"पण तुम्हाला स्वयंपाक आवडतो ना?"

"आवडतो. माझ्या घरी करीन. ही चूल तिची."

"मुलं उपाशी राहतील!"

"सात जण आहात की. करा तुम्ही."

त्यांनी केलंही. एकाने फोनवर भाताची कृती काढली, दुसरीने त्याचा व्हिडिओ घेतला, आणि भात खाली करपला, वर कच्चाच राहिला. दहा वाजता साठ ताटल्या वाजायला लागल्या, तेव्हा ती देखरेखवाली तणतणत खोपटाकडे गेली. मी मागून ओरडले, "पगार पूर्ण! घरी बसवलेल्या दिवसांचाही! आणि पुढच्या वेळी चुलीशी कुणाला पाठवायचं नाही!" ऑफिसला विचारून सांगते, म्हणाली. ऑफिसने काय सांगितलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या तुकडीत माझ्यासारखीच एखादी उत्साही बाई आली असेल तर काय झालं असेल, देव जाणे.

स्वयंपाकीण आली. मला ओलांडून आत गेली. करपलेलं पातेलं खरवडून काढलं. माझा मालवणी मसाल्याचा डबा उघडून हुंगला आणि झाकण लावून दाराबाहेर, माझ्या पायाशी आणून ठेवला.

जेवायला मी पोरांच्या रांगेत बसले. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने माझ्या ताटलीत डाव उपडा केला. कालवणात मीठ कमी होतं. मी तसंच भाताशी कालवून सगळं संपवलं.