कोर्टात वेल्श बोलण्याची तालीम

आमच्या गावात इद्वाल कुठे राहतो असं विचारलंत, तर लोक उलट विचारतील, "कुठला? टपाल्या?" तो मी. चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच लिहीत सुटलो. कोर्टाला, मंत्र्याला, वर्तमानपत्राला. विषय एकच. वेल्सच्या माणसाला कोर्टात वेल्श बोलायचा हक्क आहे, मग दुभाषा मिळायला एवढी मारामार का? समितीत आम्ही तिघं. मी चिटणीस, चॅपलात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, ऑर्गन वाजवणारी टेगवेन अध्यक्ष आणि नेस्टा सभासद, कारण कुणीतरी सभासद असायला हवं होतं. मी स्वतःला मोठा लढवय्या समजायचो. टेगवेन म्हणायची, "तुझ्या पत्रांवर त्या कोर्टाची शेगडी पेटत असेल बघ." मी तिकडे काणाडोळा करायचो.

मग मार्चमध्ये नेस्टाची मुलगी आजारपणात गेली. मागे राहिली सहा वर्षांची मारेड. बाप कधीचाच पसार. पोर आजीकडे होती, पण बालकल्याणवाल्या बाई घरी येऊन अहवाल लिहून गेल्या. आजी एकाहत्तर वर्षांची, बोलणं तुटक, नातीवर फारसा जीव दिसत नाही. कार्डिफमधलं एक जोडपं मारेडला न्यायला तयार आहे. आता निकाल कोर्ट देणार होतं.

नेस्टा आणि तुटक! अहो, ही बाई टपाल घ्यायला दारात आली की माझी पुढची सगळी गल्ली तासभर पत्रांची वाट बघायची.

"त्यांच्याशी इंग्रजीत बोललीस ना?" मी विचारलं.

"मग काय करणार? त्या बिचारीला वेल्श येत नव्हतं. घरी आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं करायचं?"

ही आमची सगळ्यांचीच जुनी खोड. दहा जण वेल्शमध्ये कडाकडा भांडत असले आणि अकरावा कुणी इंग्रज आत आला, तर उरलेलं भांडण आम्ही इंग्रजीत करतो. आणि इंग्रजीत नेस्टाकडे वाक्यं तीनच. हो, नाही, आणि 'बघेन मी'. तेवढ्यावर नात जायची वेळ आली होती.

मी कंबर कसली. सतरा पत्रं लिहिली आणि दुभाषा मिळवला. नेस्टा वेल्शमध्ये बोलणार आणि न्यायाधीशांना कानात हेडफोन लावून इंग्रजी ऐकू येणार. मला तिचा सोबती म्हणून शेजारी बसायची परवानगीही मिळाली, तोंड उघडायचं नाही या अटीवर. चॅपलच्या मागच्या खोलीत तीन आठवडे तालीम केली. टेगवेनचा गाताना घालायचा झगा चढवून मी न्यायाधीश झालो. नेस्टा अशी काही बोलायची, की टेगवेनने दोनदा डोळे पुसले. मी ताठ बसून राहायचो. जिंकलोच की आपण, असं वाटायचं.

कोर्टाच्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. दुभाषा काचेच्या खोलीत, समोर हेडफोन. न्यायाधीशबाई ब्रिस्टलकडच्या, म्हणजे इंग्रज, चेहऱ्याने अगदी प्रेमळ. त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, "बसायला ठीक आहे ना, नेस्टा?"

"हो हो, छान आहे, आभारी आहे," नेस्टा इंग्रजीत म्हणाली. झालं! गाडी जी इंग्रजीच्या रुळावर गेली, ती गेलीच.

"मारेडला सांभाळणं झेपेल तुम्हाला?"

"बघेन मी."

"तिच्याबद्दल आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

मी खाली तिच्या पायाला पाय लावला. भुवया नाचवल्या. दुभाषा माश्या मारत बसलेला. तेवढ्यात बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"या गृहस्थांना काही म्हणायचंय का?"

सतरा पत्रं लिहिणारा हा वीर उठून उभा राहिला आणि अस्खलित इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, नाही नाही, सगळं अगदी उत्तम चाललंय."

दहा मिनिटांची सुट्टी झाली. बाहेर पडल्या पडल्या मी नेस्टावर उखडलो. "कशाला बोललीस इंग्रजीत?"

"एवढी चांगली बाई, इद्वाल. तिने कान झाकून बसायचं आणि आपण बडबडायचं? बरं दिसतं का? आणि मेल्या, तू कशात बोललास?"

कपाळ माझं! लाज वाटली. वीस वर्षं कागदावर शूर होतो आणि एकाही अधिकाऱ्यासमोर तोंडाने वेल्शचा एक शब्द काढला नव्हता. आता माझ्यासारखीच भिडस्त वागून ही बाई पोर घालवून बसणार होती.

परत आत गेलो. न्यायाधीशबाई बसतात न बसतात तोच मी उठलो. वेल्शमध्ये म्हणालो, "बाई, मघाशी मी खोटं बोललो. काहीही उत्तम चाललेलं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून ही इंग्रजीत बोलते. हिला वेल्शमध्ये ऐकलं नाहीत, तर तुम्ही हिला ऐकलंच नाही."

बाईंनी घाईघाईने हेडफोन चढवला, माझं शेवटपर्यंत ऐकलं आणि मला चांगलंच झापलं. पुन्हा तोंड उघडलं तर बाहेर काढीन म्हणाल्या. मग नेस्टाकडे वळल्या. हेडफोन काढला नाही.

"तुम्ही तुमच्या भाषेत बोला. मला कसला त्रास? हे माझं कामच आहे. सांभाळणं झेपेल तुम्हाला?"

नेस्टाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वेल्शमध्ये बोलायला लागली.

"झेपेल का विचारता? बाई, माझी लेक गेल्यापासून मला सकाळी उठायचं कारणच नव्हतं. ही पोर पांघरूण ओढते आणि म्हणते, आजी, केस विंचर. म्हणून मी उठते. तिला मी सांभाळते असं सगळे म्हणतात, पण खरं तर तीच मला सांभाळते."

आणि मग जी सुरू झाली ती पाऊण तास. तालमीतलं त्यात एक वाक्य नव्हतं.

दुपारी निकाल आला. बाईंनी तो इंग्रजीत सांगितला. मारेड आजीकडेच राहील. नेस्टाने मान हलवली, विनयाने आभार मानले, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि दुभाष्याला म्हणाल्या, "हे त्यांना वेल्शमध्ये सांगा."

त्याने सांगितलं. तेव्हा ती रडली.