थुंकलेला चमचा

चहाच्या गोदामात सगळे तिला सुर्रबाई म्हणत. चौतीस वर्षं तिने एकच काम केलं. टेबलावर ओळीने मांडलेल्या कपांतला चमचाभर चहा सुर्र करून ओढायचा, जिभेवर घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि मालकाची भीडभाड न ठेवता निकाल सांगायचा. कामावरचा चहा तिने कधी गिळला नाही. भिकार चहा तर घरीही नाही.

मग कंपवाताने गाठलं. हातांची थरथर तिने चालवून घेतली. पण घास घशात अडायला लागला, पाणी श्वासनळीत जायला लागलं. दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा मुलाने जेवणासाठी पोटात नळी बसवायचा विषय काढला.

"नळी मोरीत बसव," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती.

डॉक्टरीणबाईंनी एक वाट सुचवली. डोक्याशी चुंबकाची कॉइल धरून, मेंदूच्या गिळण्याचं काम बघणाऱ्या भागाला दहा दिवस हलके ठोके द्यायचे. उपचार अजून अभ्यासातला, हमी कसलीच नाही. शेवटी गिळण्याची चाचणी, आणि त्यात नापास झाली तर नळी. सुर्रबाईने हो म्हटलं. रोज ती टकटक सोसायची आणि घरी येऊन सुनेसमोर गिळण्याचे व्यायाम इरेला पेटून करायची.

चाचणीला डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम तिच्यासाठी, गिळायला सोपा जावा म्हणून, दाटसर चहा करून आणला. गळ्यावर बोटं ठेवली. सुर्रबाईने चमचा तोंडात घेतला, सुर्र केलं, घोळवलं आणि समोरच्या वाटीत थुंकून मोकळी झाली!

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी नापास लिहायला पेन उचललं.

"पेन खाली ठेवा," सुर्रबाई म्हणाली. "गिळता येत नाही म्हणून नाही थुंकले. सवय आहे माझी. आणि चहा दोनदा उकळलाय."

"आई, पुरे झाला हट्ट," मुलगा म्हणाला. "आता नळीला हो म्हण."

तिला भयंकर राग आला. आणि भीतीही वाटली, खोटं कशाला सांगायचं.

"दुसरा चहा आहे?"

नव्हता.

तिने थरथरत्या हाताने तोच चमचा भरला. निम्मा पदरावर सांडला. उरलेला तोंडात घेतला, हनुवटी खाली केली, डोळे मिटले. बाईंच्या बोटांखाली गळा वर उचलला गेला आणि खाली आला. सगळे ठसक्याची वाट बघत राहिले. ठसका लागला नाही. तिने दुसरा चमचा गिळला, मग तिसरा.

"लिहा आता," ती म्हणाली. "गिळला. आणि चहा भिकार होता, तेही लिहा."