सांधेवाल्याच्या गावची विहीर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. उज्जैनच्या त्या सांधेवाल्याचं मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यात माझ्याकडून काय झालं ते सांगताना अजून थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. मी नवा सब-इन्स्पेक्टर. वडील कचेरीत शिपाई. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ठाण्यातले जुने हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळे दीवानजी म्हणत, मला ‘कालेजवाले साब’ म्हणायचे. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मला कधी कळलं नाही.

एका सकाळी टपालात निनावी पत्र आलं. रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलणारा एक मारवाडकडचा सांधेवाला हंगामी कामावर होता. त्याच्याजवळ एका संस्थानी रेल्वेचा नोकरीचा दाखला होता आणि त्यावर त्याला कायम करायचं चाललं होतं. पत्रात लिहिलं होतं की दाखल्यावरचा खरा माणूस उन्हाळ्यात उष्माघातानं मेला. हा त्याचे कागद चोरून आलेला भलताच कोणी आहे, बहुधा सरहद्दीपलीकडचा.

दाखल्यावर फोटो नव्हता. त्या रेल्वेची कचेरी बंद झालेली. सरहद्द आखली गेल्यावर दाखल्यात नोंदलेल्या वाळवंटी फाट्यावरच्या गाड्या थांबल्या आणि स्टेशनाभोवतीचं गाव उठून गेलं होतं. म्हणजे ओळख पटवायला कोणीच नाही. खोटं बोलायला याहून सोयीची जागा नसेल, असं मला वाटलं.

त्याला ताब्यात घेतलं, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करून कोठडी मिळवली. परमुलखातला माणूस तपासायची दीवानजींची एक ठरलेली रीत होती. ते गावाबद्दल काही विचारत नसत, विहिरीबद्दल विचारत. माळव्यात प्रत्येक गावाला विहीर किंवा पायऱ्यांची बावडी असतेच. शिवाय कोणत्या विहिरीवर पाणी भरता हे कळलं की माणसाची जातही कळे. हे कोणी बोलून दाखवत नसे.

“कुआँ नहीं था, हुकुम,” सांधेवाला म्हणाला.

“तो क्या रेत पीते थे?” दीवानजींनी विचारलं.

“पानी की गाड़ी आती थी.”

ठाण्यात हशा झाला. मीही हसलो. मी जबाबात लिहिलं, ‘आरोपी स्वतःच्या गावची विहीर सांगू शकत नाही. असंबद्ध उत्तरे देतो.’ अंगावरच्या खुणांमध्ये उजव्या कोपराजवळ भाजल्याचा डाग नोंदवला. बाहेर पायरीवर त्याची बायको रोज येऊन बसायची. दाखला खोटा ठरला तर त्याला तुरुंग होता आणि तिला यार्डातली खोली सोडावी लागणार होती.

इन्स्पेक्टरसाहेबांनी मला जागेवर जाऊन पंचनामा करून यायला सांगितलं. तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या चालू स्टेशनावरून दोन पंच बरोबर घेतले आणि उंटावरून रुळांच्या कडेकडेनं गेलो. मध्येच रूळ वाळूत बुडायचे, पुन्हा वर यायचे. गाव म्हणजे एक फलाट आणि दगडी खोल्यांची एक ओळ. दारं, चौकटी लोकांनी काढून नेलेल्या. सिग्नलचा हात मोडून लोंबत होता. वाळूवर पायांचे ताजे ठसे दिसले आणि माझा संशय आणखी वाढला.

ठसे एका म्हाताऱ्या मेंढपाळाचे होते. तो बराच वेळ लांबूनच आमच्याकडे पाहत होता. पोलीस म्हटल्यावर त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हताच. मी त्याला विहीर दाखवायला सांगितली. तो पंचांकडे वळून हसला. खणलं तर खारं पाणी लागतं, तेही फार खोल, तो म्हणाला. मग त्यानं मला फलाटाच्या टोकाला नेलं. तिथे दगडी ओट्यावर दोन गंजक्या लोखंडी टाक्या होत्या. आठवड्यातून दोनदा गाडीनं पाण्याच्या टाक्यांचे डबे येत आणि प्रत्येक खोलीला मोजून घागरी मिळत.

ठाण्यातला हशा मला तिथे उन्हात ऐकू आला.

तरी मी लगेच मान्य केलं नाही. हा त्याचाच साथीदार असला तर? मी विचारलं, तुमच्या सांधेवाल्याच्या डाव्या हातावर डाग होता ना?

“डावा नाही, उजवा,” तो आपल्या बोलीत म्हणाला. “इंजिनाच्या वाफेनं भाजला होता. गळक्या नळाखाली माझ्या बकऱ्या पाजू द्यायचा.” उष्माघातानं मेला होता तो सिग्नलचे दिवे लावणारा कंदीलवाला, दुसराच, असंही त्यानं सांगितलं. पत्र लिहिणाऱ्याला अर्धी हकिकत ठाऊक होती. यार्डातल्या त्या नोकरीवर आपला नातलग लावू पाहणाऱ्या एका माणसावर माझा संशय होता. पुरावा शेवटपर्यंत मिळाला नाही.

माझ्या अहवालावरून सांधेवाला सुटला, पुढे कायमही झाला. सुटकेच्या दिवशी कागदावर सही करून तो लगेच गेला नाही.

“साब, आप वहाँ होके आए. तीसरी कोठरी के पीछे नीम था. खड़ा है?”

त्याच्या बायकोनं खोलीमागचं ते कडुनिंबाचं झाड भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलं होतं. मी खोल्यांच्या मागे गेलोच नव्हतो. टाक्या मोजल्या, चौकटी नोंदवल्या, ठसे पाहिले. संशय घेणं हे आमचं कामच; त्याबद्दल मला खंत नाही. पण तो माणूस खोटा आहे का, एवढंच पाहायला मी इतक्या लांब गेलो आणि तेवढंच पाहून आलो, हे त्या क्षणी समजलं. पुढच्या सगळ्या नोकरीत कुठल्याही घटनास्थळी मी घराला मागूनही वळसा घालत आलो.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणालो, “है. हरा है.”

“अब किस तरफ झुका है?”

मला सांगता येईना. त्यानं क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं आणि हळूच मान हलवली, जशी आम्ही कोठडीतल्या माणसाचं खोटं ओळखल्यावर हलवतो. मग पायऱ्या उतरून बायकोजवळ गेला आणि म्हणाला, “साब देख के आए हैं. हरा है.”