बर्फातली शेजारची पात

अशा गोष्टी मी आजवर दुसऱ्यांच्याच ऐकल्या, आणि ऐकून हसलो. बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय माझं. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, हे मी छाती पुढे काढूनच सांगतो. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी आहे. जे मोजता येतं ते खरं, बाकी गप्पा... असं मानणारा मी. म्हणून तर हे लिहायला इतका वेळ घेतला.

यवतमाळचा माणूस हिमालयात कशाला मरायला जातो, असं सगळेच विचारतात. पहिल्यांदा निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "तिथं पिकते काय?"

"काही नाही पिकत."

"मंग कायले जातो?"

तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगतो. खाली मी अमक्याचा पोरगा, तमक्या गावचा, तमक्या जातीचा. वर यातलं काही चालत नाही. पुढचं पाऊल पडतं की नाही, एवढंच. एकदा ती चव लागली की माणूस उन्हाळाभर सुट्ट्या साठवतो.

तर, लाहौलमधलं सहा हजार मीटरवरचं एक शिखर. नाव मुद्दाम देत नाही. सोबत माझा कॉलेजचा दोस्त दिनेश, उमरखेडकडच्या तांड्यावरचा, आणि नागपूरचा एक जण. गाइड दोरजेभाई तिथलेच. सकाळी शिखर झालं. उतरताना नागपूरवाल्याला उंची लागली, पाय लटपटायला लागले. दोरजेभाई त्याला घेऊन पुढे निघाले. जाताना आम्हाला बजावलं, "झंडी से झंडी आना. झंडी मत छोड़ना." हिमनदीवर भेगा असतात, वरून बर्फ साचून त्या झाकल्या जातात. म्हणून चढताना सुरक्षित वाटेवर बांबूला लाल झेंड्या लावत गेलो होतो.

थोड्याच वेळात दिनेशचे डोळे गेले. चढताना फोटोंच्या नादात यानं गॉगल काढून ठेवला होता. बर्फावरच्या उन्हानं डोळे भाजतात, आणि ते नंतर कळतं. पाणी थांबेना, पापणी उघडेना. मी त्याच्या डोळ्यांवर मफलर बांधला, दोर दोघांच्या कमरेला अडकवला आणि पुढे झालो.

"दिसून राह्यलं ना तुले?" तो म्हणाला.

"दिसते. चाल."

"मले नाही दिसत बे. तूच पाह्य माह्यासाठी."

तेवढ्यात ढग उतरला. झेंडी एका वेळी एकच दिसायची. तिथं पोचलो की पुढची शोधायची. आणि तेव्हा ती दिसली... डावीकडे, शेतातल्या चारेक तासांइतकी, म्हणजे चार ओळींइतकी लांब. एक बाई. कंबरेत वाकलेली, पदर खोचलेला, पोटाशी ओटी, म्हणजे कापूस टाकायची झोळी बांधलेली. दोन्ही हात चालू. कापूस वेचत होती.

कापूस वेचणाऱ्यांना पात सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. प्रत्येक बाईला वेचायला ओळींचा एक पट्टा मिळतो, ती तिची पात. शेजारच्या पातीवालीच्या बरोबरीनं सरकायचं, मागं पडायचं नाही. हे कोणी ठरवत नाही, अंगच करतं. बारावीपर्यंत दिवाळीच्या सुट्ट्या मी मायच्या शेजारी असाच सरकलोय.

मी तिच्या बरोबरीनं चालायला लागलो. भीती वाटली नाही, हेच नंतर भीतीदायक वाटलं. तिची पात हळूहळू डावीकडे वळत होती. अंतर तेवढंच ठेवत मीही वळलो.

"झेंडी आली का?" मागून दिनेश.

"नाही."

"मघाचपासून नाही?"

"सोडली."

दोर एकदम ताणला. तो उभा राहिला होता. "काहून सोडली? दोरजेभाई काय म्हणले व्हते?"

"दिन्या, चाल."

"मले सांग तुले काय दिसून राह्यलं."

काय सांगणार... आंधळ्या माणसाला, भेगांच्या वर उभं करून? "दोर ढिला नको सोडू," एवढंच म्हणालो. तो "याडी" असं पुटपुटला, त्यांच्या बंजारा बोलीत आईला म्हणतात तसं, आणि निघाला.

मग उजवीकडे आवाज झाला. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणींची थप्पी कोसळावी तसा. पायाखाली थरथर आली. आम्ही दोघं जागच्या जागी बसलो. वाऱ्यानं ढग जरा बाजूला झाला, तेव्हा दिसलं — दोन लाल झेंड्या, आणि त्यांच्या मधोमध काळं तोंड उघडलेलं. सकाळी ज्या बर्फावरून आम्ही चढलो होतो, तो खाली गेला होता. खाली दूर कॅम्पचा पिवळा तंबू दिसत होता. मी त्याच्यावर नजर ठेवून चालत सुटलो.

दोरजेभाई आधी फार चिडले. मग वर जाऊन बघून आले, आणि आम्हाला चहा ओतला.

तंबूत दिनेशनं विचारलं, "चालता चालता तू हातानं काय करून राह्यला होता?"

"काही नाही."

"दोर झटके देत होता बे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मोजून-मापून."

बर्फात रोवायची माझी कुऱ्हाड मनगटाला लोंबत होती, म्हणजे दोन्ही हात मोकळे होते, हे मला आठवतं. हात काय करत होते, ते आठवत नाही.

ऑक्सिजन कमी पडला की भास होतात, हे मी वाचलंय आणि मला मान्य आहे. पण बर्फ कुठं फुटणार, हे कमी ऑक्सिजनला कसं कळतं? दिनेश म्हणतो, योगायोग म्हण आणि सोड. त्याचे डोळे बरे झाले, त्याला सोडता येतं.

गावी आल्यावर मायला सगळं सांगितलं. बर्फ तिनं कधी पाहिला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तिची पात संपली व्हती का?"

"पाह्यलं नाही माय. तंबू दिसला अन् निघालो."

आमच्याकडे ज्याची पात आधी संपते, तो घरी जात नाही. मागं राहिलेलीच्या पातीत समोरच्या टोकाकडून वेचायला लागतो.

"म्हंजे तिले एकटीले टाकून आला," माय म्हणाली, आणि उठून आत गेली.

ती कोण होती, मला माहीत नाही. खुलासा कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी शांतपणे वाचीन. पुढच्या सीझनला मी परत त्याच शिखरावर चाललोय. बाबांनी पुन्हा विचारलं, कायले जातो. या वेळी मायनंच त्यांना गप्प केलं.