भिंतीवरून आलेली हाक

राजरत्न गेल्याची बातमी मला धड ऐकूच आली नाही. नांदेडच्या बाहेर एका शाळेच्या कडेनं रस्त्याचा आवाज अडवणारी भिंत बांधत होतो. मिक्सर घरघरत होता आणि फोनवर त्याची मुलगी प्रज्ञा काहीतरी सांगत होती. मी दोनदा विचारलं, "काय म्हणालीस?" मग ती ओरडली, "काका, बाबा गेले!" इतक्या मोठ्यानं, की मिक्सरवाल्यानंही मान वळवली. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं, असं तिनं नंतर सांगितलं. बाप गेल्याचं पोरीला ओरडून सांगावं लागलं, आणि तेही मला... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिचा तो आवाज अजून कानातून जात नाही. पण त्याआधीचा एक आवाज आहे, तो त्याहून जुना आहे. त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

लातूरच्या तंत्रनिकेतनात आम्ही एका बाकावर होतो. तो उमरीकडच्या बौद्ध कुटुंबातला, मी जळकोटकडच्या शेतीवाडीवाल्या घरातला. शिकून बाहेर पडलो तेव्हा सगळे घरं बांधायच्या मागे होते. राजरत्न म्हणाला, "घरं बांधणारे लई हायत. त्या घरात झोप लागंल असं कोन बांधून देतंय?" डाळमिलच्या शेजारी प्लॉट पडत होते, रस्ते रुंद होत होते, ट्रक दारावरून जात होते. आम्ही दोघांनी भागीदारीत आवाज अडवणाऱ्या भिंती बांधायला सुरुवात केली. लोकांना वाटायचं, भिंत म्हणजे भिंत. राजरत्न प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावायचा, की भिंत आवाज मारत नाही, फक्त वाकवते. तो माथ्यावरून चढून पलीकडे उतरतोच, थोडा थकलेला असतो इतकंच. आणि भिंतीला बोटभर फट राहिली तर बांधली काय न बांधली काय, सारखंच.

भिंत पुरी झाली की मीटर लावून आवाज मोजायचा. पण मीटरवर त्याचं समाधान नसे. तो स्वतः पलीकडे जायचा, मला अलीकडे उभं करायचा आणि मोकळ्या गळ्यानं हाक मारायचा, "बाल्याऽऽ!" ऐकू आली की मी ओ द्यायची. ओ किती उशिरानं आणि किती खात्रीनं आली, यावर तो भिंत जोखायचा. मला तंबाखूचा जुना खोकला. मधेच ढास लागली की तो पलीकडूनच ओरडायचा, "आरं, मीटर डोलून राहिलंय! तुझ्या खोकल्यासाठी येगळी भिंत बांधावी लागंल, बाल्या!" मजूर हसायचे, मीही हसायचो.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आमच्याच भागातल्या एका तालुक्याच्या गावाला नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती. गावाचं नाव लिहीत नाही. माझा थोरला चुलतभाऊ दत्तादादा यानं तिथं माळावर वसाहत पाडली होती. 'नव्या जिल्ह्यातलं पहिलं घर' असा फलक होता. पलीकडे डाळमिल आणि मिलला लागून तिथल्या हमालांची वस्ती, बहुतेक घरं बौद्धांची. मिलच्या आवाजानं बाकीचे प्लॉट खपत नव्हते, म्हणून भिंतीचं काम दादानं आम्हाला दिलं. अडचण एकच होती. वस्तीकडचे हापसे आटले होते आणि पाणी लागलेली एकुलती बोअर दादाच्या हद्दीत होती. बाया घागरी घेऊन तिथं यायच्या. सरळ भिंत घातली असती तर त्यांना गावाला वळसा घालून यावं लागलं असतं.

राजरत्ननं भिंत मधेच तोडली आणि तिचे दोन तुकडे असे मागेपुढे बांधले, की त्यांची टोकं एकमेकांसमोर येतील. मधून घागर घेऊन माणूस जाईल एवढी बोळ ठेवली. आवाज मात्र त्या दोन भिंतींवर आपटून दमावा, म्हणून बोळीला आतून काथ्याचे जाड तक्ते लावले. "पान्याला वाट ठिवायची, आवाजाला न्हाई," तो म्हणाला. दादानं कपाळाला आठ्या घातल्या, पण काम अर्ध्यावर आलेलं, तेव्हा गप्प बसला. प्लॉट घेतलेले लोक गप्प बसले नाहीत. पहिल्यांदा म्हणाले, घागरींचा खडखडाट होतो. मग म्हणाले, चोऱ्या होतील. मग एका म्हातारीची घागर कुणीतरी लाथेनं उडवली, तिच्या नातवानं दगड भिरकावला, आणि त्या संध्याकाळी वस्तीतल्या दोन पोरांना बोअरपाशी काठ्यांनी फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी दादानं मला बोलावलं. "बोळ बुजवायची. तुझ्या दोस्ताला तू सांग."

मी सांगितलं नाही. विटा आल्या तेव्हा वस्तीतल्या कुणीतरी त्याला फोन केला आणि तो एकटाच आला. भरदुपारची वेळ होती. मी दादाच्या नमुना घराच्या ओसरीवर चहा घेत होतो, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. पलीकडे आधी बाचाबाची झाली. "इटा काढा... ह्ये भिंत माझ्या हातची हाय!" हा त्याचा आवाज. मग कुणीतरी जातीवरून शिवी दिली, आणि मग एक असा आवाज आला, जो मी सिमेंटच्या पोत्यावर फावडं आपटताना ऐकला आहे. ओला, बसका. पुन्हा. पुन्हा. मिल चालू होती तरी सगळं येत होतं. आमचीच भिंत. तिच्या माथ्यावरून काय येतं ते मला जितकं ठाऊक तितकं दुसऱ्या कुणाला?

मी उठलो. दादानं माझ्या मांडीवर हात ठेवला. "बस. भितीपल्याडचं हाय ते. आपल्याला काय ऐकू येतंय का?" एवढ्यात हाक आली. "बाल्याऽऽ!" चाचणीच्या वेळी मारायचा तशीच, मोकळ्या गळ्याची. मग दुसरी, तोंडात रक्त असल्यासारखी. तिसरी अर्धीच... मला ढास लागली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाला, "पानी पी." मी पाणी प्यायलो. त्याच बोअरचं.

दादाच्या माणसांनी त्याच्या डाव्या कानावर फावड्याचा दांडा घातला होता. पडदा फाटला, जबडा मोडला, बरगड्या गेल्या. वस्तीतल्या बायांनी अंगावर पडून त्याला वाचवलं, दोघींचे हात मोडले. वस्तीतल्यांनी साक्षी दिल्या, पण आरोपींचे वकील म्हणाले, ही सगळी एका बाजूची माणसं. वसाहतीतल्या एकूण एकानं जबाब दिला, की भिंत असल्यामुळे काही ऐकू आलं नाही. माझाही जबाब तोच होता. पण माझ्या जबाबाला वजन होतं. कोर्टात वकील म्हणाले, भिंत बांधणारा माणूस, फिर्यादीचा भागीदार, स्वतः सांगतो की आवाज पोचत नाही. राजरत्न उजवा कान माझ्याकडे करून बसला होता. एक शब्द सुटू दिला नाही त्यानं. दादाची माणसं सुटली. बोळीत विटा बसल्या. नवा जिल्हा काही झाला नाही.

भागीदारी मोडली. तो नांदेडला गेला, एका कानावर काम करत राहिला. दवाखान्यांच्या, शाळांच्या भिंती त्यानं बांधल्या. बऱ्याच वर्षांनी मी त्याच्या साइटवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आलाच हायस तर हुबा ऱ्हा हितं." आणि भिंतीपलीकडे गेला. मला कळलं, तो हाक मारणार. "बाल्याऽऽ!" स्वच्छ हाक आली. माझ्या तोंडून ओ फुटेना. तो वळसा घालून आला. "आली का?"

मी भिंतीच्या सांध्यावरून बोट फिरवत राहिलो.

"न्हाई आली? मग भिंत चांगली झाली," तो म्हणाला, आणि मजुरांकडे वळला. त्यानं मला वाट ठेवली होती, एक माणूस जाईल एवढी. मी गेलो नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला उमरीला गेलो. सगळे उभे राहून पंचशील म्हणत होते. मीही ओठ हलवत होतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तिथं माझे ओठ थांबले. कार्यक्रमानंतर त्याची बायको सुजाता ओट्यावर बसली होती. मी तिच्यासमोर गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. "वहिनी, त्या दिवशी मला हाक आली होती. तिन्ही हाका आल्या होत्या."

तिनं पदर सारखा केला. "ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दवाखान्यात जबडा बांधलेला होता, पाटीवर लिहून दावलं. बाल्याचा खोकला आला म्हने भितीवरून. तुमचा खोकला तिकडं जातुया, तर त्यांची हाक इकडं येनारच की, भाऊजी."

मला बसायला जागा दिसेना. भिंतीला दोन बाजू असतात, हे मी आयुष्यभर लोकांना समजावत आलो होतो. मार खाता खाता त्यानं माझा खोकला ओळखला होता. कोर्टात उजवा कान माझ्याकडे करून बसला तेव्हा त्याला ठाऊक होतं. नांदेडला हाक मारली तेव्हाही. "मग त्यानं कोर्टात का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"वकिलानं सांगितलं हुतं बोलायला. ह्ये म्हनले, बाल्या सोता सांगंल." मग ती उठली. "मला सांगून काय करून राहिलात? जिथं खोटं बोललात तिथं बोला."

म्हणून वकिलाकडे जाऊन आलो आहे. इतक्या वर्षांनी त्याचं काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. पण त्या गावातही वर्तमानपत्राचं हे पान वाचलं जातं, म्हणून इथंही लिहितो. माझा जबाब खोटा होता. हाक आली होती.

उमरीहून परतताना मी त्या वसाहतीकडे गेलो. या वेळी वस्तीच्या बाजूनं, जिथं मी इतक्या वर्षांत एकदाही उभा राहिलो नव्हतो. बुजवलेली बोळ लगेच ओळखू येते. तिथल्या विटांचा रंग वेगळा आहे आणि काथ्याच्या तक्त्याची कड अजून बाहेर डोकावते. त्या कडेला हात लावला. आतून कुकरची शिट्टी आली, बादली सरकल्याचा आवाज आला. सगळं येत होतं, थोडं थकून. तेवढ्यात मला ढास लागली. पलीकडे खुर्ची करकरली आणि म्हातारा आवाज आला, "कोन खोकून राहिलंय रं पल्याड?"

दत्तादादाचा आवाज. पलीकडे भिंतीला लागून आता त्याचंच घर आहे.

"मी बालाजी," मी मोकळ्या गळ्यानं म्हणालो. "राजरत्न पडला तिथं हुबा हाय. दादा, ऐकू येतंय ना?"

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. पलीकडून ओ आली नाही.