तिसरी गाठ

रविवारची दुपार. सुवार्ता पगारे जरा पाठ टेकायची म्हणून पलंगावर आडवी होते, तीही अगदी ताठ, कारण नेसलेली साडी इस्त्रीची आहे. फिकट मोतिया रंगाची, खास आजच्यासाठी काढलेली. पाच वाजता चर्चमध्ये सलोमीआत्यांची स्मरण-उपासना आहे. साडेचारला पहिली घंटा होईल, पाचला दुसरी. हातात घडी घातलेला कागद आहे, त्यावर तिने आत्यांविषयीचं मनोगत लिहिलं आहे.

सुवार्ता कोण, तर आमच्या चर्चच्या मंडळीतली सगळी कामं जिच्या अंगावर येऊन पडतात आणि जी ती हौसेने पडू देते, ती. महिला मंडळाची सेक्रेटरी ती. संडे स्कूलची बाई ती. नाताळच्या कमिटीत ती, मेळाव्याच्या कमिटीत ती, आणि दर रविवारी पुढे उभं राहून नोटिसा वाचणारीही तीच. शिवाय मोबाईलवर ‘प्रार्थनासाखळी’ नावाचा ग्रुप आहे, तो ती चालवते. पहाटे सगळ्यांना तिच्याकडून बायबलमधलं वचन जातं, खाली उगवता सूर्य आणि गुलाबाची फुलं. कोणी आजारी पडलं, कोणाच्या मुलाची परीक्षा असली, की ती ग्रुपवर टाकते आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. देवाचं एवढं काम करताना देवाशी बोलायला सवड कधी मिळते, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. पडायलाही सवड लागते.

सलोमीआत्यांचं याच्या अगदी उलट. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी, जन्मभर बालवाडी चालवलेली बाई. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं कोणी म्हटलं, की आत्या पदराच्या टोकाला एक गाठ मारायच्या. संध्याकाळी दार लोटून बसायच्या, त्या माणसाचं नाव घेऊन देवाकडे सावकाश मागायच्या आणि मगच गाठ सोडायच्या. दिवसाला गाठी तीनच. चौथं कोणी आलं तर सरळ सांगायच्या, ‘आज जागा नाही, उद्या ये.’ आत्यांच्या पदराला वेटिंग लिस्ट आहे, अशी लोक चेष्टा करायचे. सुवार्ताही हसायची. तिच्या ग्रुपला असली काही अडचण नव्हती.

ती कागद उघडते आणि मधलं वाक्य पुन्हा वाचते. ‘आत्यांच्या आजारपणात मी रोज गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली.’ वाक्य चांगलं जमलं आहे. वाचताना इथे थोडं थांबायचं, असंही तिने ठरवलं आहे. फक्त ते खरं नाही. त्याचं काय करायचं ते उठल्यावर बघू, असं म्हणत ती डोळे मिटते. बाहेर कोणीतरी अंगण झाडतंय, त्या खराट्याचा आवाज लांब लांब जातो.

आवाज थांबतो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते. आत्या पाटावर बसून गवार मोडताहेत. आत्या वारल्या आहेत हे तिला चांगलं ठाऊक आहे, तरी तिच्या मनात येतं ते एवढंच, की चहाला दूध पुरेल का.

“निजलीस व्हय?” आत्या मान वर न करता विचारतात.

“नाही आत्या, जरा पाठ टेकली. पाच वाजता तुमची उपासना आहे ना.”

“म्हणून तर आले. त्या कागदात काय लिहिलंय?”

“काही नाही. आपले चार शब्द.”

“मग वाच की.”

सुवार्ता कागद उघडायला जाते, तर हातात कागद नसतोच. तिच्या हातात मार्करपेन आहे. ती आपल्याच घरापुढच्या ओट्यावर बसली आहे, भोवती खोकी पसरली आहेत, आणि मेळाव्याला येणाऱ्या बायकांच्या नावांच्या पट्ट्या ती लिहिते आहे. आत्या तिच्याकडे शेवटच्या आल्या होत्या, ती मार्चमधली सकाळ. दाराच्या चौकटीला हात धरून आत्या उभ्या आहेत. चेहरा ओढलेला, पायांत चपला तशाच.

“सुवार्ता, एक काम होतं.”

“बोला ना आत्या.” ती मान वर करत नाही. त्या दिवशीही केली नव्हती.

“डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. बरी होऊ दे म्हणून नको मागू. ते राहू दे. मला भीती वाटती गं. सगळ्यांना सांगत आले, भिऊ नका, भिऊ नका. आता माझंच काळीज थाऱ्यावर नाही. ही भीती जाऊ दे, एवढं एकदा माग माझ्यासाठी. ग्रुपवर टाकू नको. तू माग.”

आता तरी उठावं, पेन टाकावं, त्यांचा हात धरून आत न्यावं, असं सुवार्ताला फार वाटतं. पण जीभ आपली ठरलेलं बोलून जाते, “हो आत्या, करते ना.”

आत्या फाटकापर्यंतही पोचत नाहीत. त्यांची पाठ अजून दिसते आहे, आणि सुवार्ताचा अंगठा मोबाईलवर चालू लागतो. ‘आपल्या लाडक्या सलोमीआत्या यांच्या मनातील मरणाची भीती दूर व्हावी म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी.’ खाली पहिले जोडलेले हात तिचेच. मग ती पुढची पट्टी लिहायला घेते. काम झालं असं तिला त्या दिवशी खरोखरच वाटलं होतं. लाज वाटते ती या गोष्टीची. विसरली असती तरी एक वेळ चाललं असतं.

“नको पाठवू,” ती स्वतःलाच म्हणते, पण ते गेलेलं असतं.

ओटा संपतो तिथे चर्चचा दरवाजा आहे. आत सगळे बसलेत. मंडळीतली झाडून सगळी माणसं, बाकांवर दाटीवाटीने, डोळे मिटून, हात जोडून. सगळ्यांचे हात एकाच रंगाचे, पिवळेजर्द, मोबाईलमध्ये असतात तसे. ओठ कुणाचेच हलत नाहीत. आत्या शेवटच्या बाकावर कडेला बसल्यात आणि सुवार्ताला शेजारी जागा करून देतात.

“हे सगळे माझ्यासाठी बसलेत?”

“हो आत्या.”

“आवाज कुणाचाच येईना.”

आत्या मांडीवर हात ठेवून समोर बघत राहतात.

“घरी आले होते सगळे,” त्या म्हणतात. त्यात राग नाही, बाजारात काय मिळालं ते सांगावं तसा आवाज आहे. “केळी घेऊन. जो तो म्हणायचा, आत्या, भिऊ नका. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. बालवाडीतली माझी पोरं आता बाप्ये झालीत, ती पण आली. मग त्यांच्यापुढं मी भीत नाही असं दाखवत बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसून बोलायचं. फार दमले गं त्यानं.”

“मग गेली का भीती?”

“नाही. संगतीच घेऊन गेले मी.”

आत्यांच्या दफनाच्या वेळी ती रडली होती, पण मंडपवाल्याला फोन लावता लावता. आता फोन नाही, मंडप नाही, आणि रडूही येत नाही. ती बाकावरून उतरते, खाली फरशीवर गुडघे टेकते. साडीचा विचार मनात येतो, तो ती बाजूला सारते.

“आत्ता करते आत्या. इथंच करते.”

ती डोळे मिटते. तोंड उघडते. “सर्व भगिनींना कळविण्यात येते की...”

ती थांबते. पुन्हा सुरुवात करते. “सर्व भगिनींना कळविण्यात येते की, येताना आपापली ताटली व पेला सोबत आणावा.”

तिसऱ्यांदा ती नुसतं देवाचं नाव घ्यायला जाते, तर शनिवारच्या सभेची वेळ तोंडातून बाहेर पडते. दुसरं काही आत नाहीच. सगळं घर धुंडाळावं आणि एक काडेपेटी सापडू नये तसं होतं. तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती आत्यांसमोर वाटावी, यापरतं वाईट दुसरं काय असायचं.

आत्या हसतात. बालवाडीत एखाद्या पोराने पाटीवर उलटा आकडा काढला की हसायच्या, तसंच.

“असू दे. ऊठ. आता तसंही चालायचं नाही.”

“का?”

“गेलेल्या माणसांसाठी आपल्यात मागत नाहीत. पोरांना तूच शिकवतीस ना संडे स्कूलला? जे काय मागायचं ते माणूस आहे तोवर.”

हे सुवार्ता पंधरा वर्षं शिकवत आली आहे. फळ्यावर लिहून, पोरांकडून म्हणवून घेऊन. त्याचा अर्थ तिला आज फरशीवर बसून कळतो. सलोमीआत्यांसाठी प्रार्थना करायची वेळ होती, आणि ती गेली.

बाक नाहीसे झालेत. फरशीच्या जागी बालवाडीची सतरंजी आहे, निळ्या पट्ट्यांची, आणि आत्या तिच्यासमोर मांडी घालून बसल्यात. त्यांच्या अंगावर रोजचं सुती लुगडं आहे. पदराचं टोक त्या मांडीवर पसरतात. दोन ठिकाणी नुसत्या चुण्या, गाठ सोडल्यावर राहतात तशा. तिसऱ्या ठिकाणी गाठ अजून आहे.

“शेवटच्या दिवशी तिन्ही होत्या,” आत्या सांगतात. “दोन सोडवल्या. ही राहिली. ही तुझी.”

“माझी? मी कुठं काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“तू कशाला सांगशील. मीच मारली. करते ना म्हणालीस अन् वर बघितलं नाहीस, तेव्हाच फाटकाशी उभी राहून मारली.”

“काय मागणार होतात माझ्यासाठी?”

“काय मागणार? पोरीच्या हातातली चार कामं खाली पडू दे म्हणलं असतं. सगळी नको. एखादं राहू दे हातात.”

सुवार्ता गाठीकडे बघत राहते. “मग रोजच्या रोज सोडायच्या ना तुम्ही. ही त्या सकाळपासून तुम्ही जाईपर्यंत, एकोणीस दिवस, का राहिली?”

आता मान खाली घालायची पाळी आत्यांची असते. सुवार्ताने त्यांना असं कधी पाहिलेलं नाही.

“भीतीपुढं काही सुचंना गं. रोज हात लावायची, रोज राहून जायचं. आपलीच धडधड ऐकत बसायची अन् झोपून जायची. जन्मात कुणाची गाठ अशी ठेवली नव्हती. मला पण लाज वाटती, सुवार्ता. तेवढ्यासाठी आले. तुला बोल लावायला नाही आले.”

“आत्या, तुम्ही कशाला...”

“इकडं आण तुझा पदर.”

त्या पुढे वाकतात. त्यांच्या बोटांना खडूचा वास येतो. सुवार्ता डोळे मोठे करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते, कारण त्या दिवशी बघितलं नव्हतं. कपाळावर बारीक आठी आहे, खालचा ओठ थोडा सुकलेला. त्या पदर हातात घेतात, आणि कुठेतरी घंटा वाजायला लागते.

घंटा वाजतच राहते. पहिली घंटा. साडेचार.

“अगं, ऊठ. लोक यायला लागले असतील,” तिचा नवरा शांतवन दारातून म्हणतो. त्याने भांग पाडला आहे, हातात किल्ल्या आहेत. मग तो जवळ येऊन बघतो. “ही पदराला गाठ कसली? सगळी इस्त्री मोडली. सोड ती.”

सुवार्ता उठून बसते. खांद्यावरची पिन जागच्या जागी आहे. पदराच्या टोकाला गाठ आहे, लहान, घट्ट आवळलेली, बालवाडीत पोरांच्या बुटाची नाडी बांधतात तशी. अशी गाठ तिला मारता येत नाही. ती नखाने सोडवायला जाते, आणि मध्येच हात काढून घेते.

“राहू दे,” ती म्हणते.

“अशीच येणार?”

“अशीच.”

कागद उशाखाली चुरगळला आहे. ती तो मांडीवर सारखा करते, पेन घेते आणि मधल्या वाक्यावर रेघ मारते. वर जागा नाही म्हणून समासात आडवं लिहिते: ‘आत्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती मी केली नाही. जे मला एकटीला सांगितलं, ते मी सगळ्यांना सांगितलं.’ अक्षर वाकडं येतं. वाचताना इथे थांबायची काही गरज पडणार नाही. आपोआप थांबायला होईल.

मग ती पलंगाच्या कडेला गुडघे टेकते.

“आता काय?” शांतवन घड्याळ बघतो. “नोटिसा वाचायच्यात ना तुला?”

“आज दुसरं कोणीतरी वाचेल. तुम्ही व्हा पुढे. मी दुसऱ्या घंटेपर्यंत येते.”

तो किल्ल्या ठेवून जातो. सुवार्ता डोळे मिटते. आधी तेच येतं, सर्व भगिनींना. ती ते जाऊ देते. मग शनिवारची सभा येते, तीही जाऊ देते. बराच वेळ काही येत नाही. गुडघे दुखायला लागतात. उशाजवळ मोबाईल दोनदा वाजतो, कोणीतरी हार कुठे ठेवायचे ते विचारत असणार.

“प्रभू,” ती शेवटी म्हणते, “मला लाज वाटते.”

त्यापुढे काही सुचत नाही. एवढ्यावर गाठ सोडायची असते की नाही, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. म्हणून ती सोडत नाही. दुसरी घंटा सुरू होते तेव्हा ती उठते, कागद घेते, आणि पदर पुढे ओढून, गाठ सगळ्यांना दिसेल अशी, चर्चकडे निघते.